एमटीबीचं वजन कमी करायचंय, पण सायकल मोडायची नाहीये: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे सगळे प्रश्न मला लोकांनी खरंच विचारलेत, काहींनी तर तीन-तीनदा, म्हणून एकदाचं सगळं एका ठिकाणी लिहून टाकतोय. मी मेकॅनिक नाही, पुण्यात आणि मावळात हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली एमटीबी, म्हणजे माउंटन बाईक) चालवणारा माणूस आहे, आणि स्वतःची सायकल १५.१ किलोवरून १२.८ वर आणताना बऱ्यापैकी पैसे आणि एकदा गुडघा घालवलाय. आकडे साधारण आहेत, तुमच्या पार्टचे पाच-दहा टक्के इकडे तिकडे होणारच.

१. माझी एमटीबी १५ किलोची आहे, हे फार जास्त आहे का?

नाही, आपल्याकडे मिळणाऱ्या सुरुवातीच्या रेंजच्या अ‍ॅल्युमिनियम हार्डटेल १४ ते १६ किलोच्याच असतात. वर्ल्ड कपवाल्यांच्या एक्ससी (क्रॉस-कंट्री रेसच्या) सायकली १० किलोच्या आसपास असतात पण त्यांच्यामागे मेकॅनिक आणि सुट्या पार्टची अख्खी व्हॅन असते, आपल्यामागे कुत्री असतात. १२.५ ते १३ किलो हा रोज वापरायच्या दणकट हार्डटेलसाठी एकदम चांगला आकडा आहे, त्याच्या खाली जायचं असेल तर प्र. १९ बघा.

२. वजन करायचं कसं? दुकानदार म्हणतो १३, मला वाटतं जास्त आहे.

दुकानदाराचा आकडा बहुतेक वेळा पेडल न लावता, सगळ्यात लहान फ्रेम साईजचा असतो. विमानाच्या बॅगा मोजायचा हूकवाला लगेज काटा घ्या, सॅडलच्या नाकाला अडकवून सायकल उचला, झालं. तो नसेल तर बाथरूमच्या काट्यावर आधी नुसते उभे रहा मग सायकल घेऊन उभे रहा आणि वजाबाकी करा, पाव किलोचा फरक येईल पण चालतं. सुटे पार्ट मात्र किचनच्या डिजिटल काट्यावरच मोजा. मी सुरुवातीला रद्दीवाल्याच्या ताणकाट्याला सायकल लटकवली होती, त्याच्या मते माझी सायकल १२ किलोची होती. रद्दी किती वर्षं कमी भरत होती ते त्या दिवशी कळलं.

प्रत्येक काढलेला पार्ट मोजून वहीत लिहा. हे न करता खरेदी करणारा माणूस हमखास फसतो.

३. दोन किलो कमी केले तर सिंहगड किती लवकर चढेन?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न आणि उत्तर कुणालाच आवडत नाही. पायथ्यापासून वरच्या पार्किंगपर्यंत साडेपाचशे-सहाशे मीटरची चढाई आहे. तुम्ही ७२ किलो, सायकल १५, म्हणजे एकूण ८७. एवढ्या चढावर आपला वेग इतका कमी असतो की हवेचा विरोध फारसा मोजायला नको, जवळजवळ सगळी ताकद वजन वर न्यायलाच जाते, त्यामुळे वजन दोन टक्क्यांच्या थोडं वर कमी झालं तर वेळही साधारण तितकाच कमी होतो. तासाभरात चढत असाल तर सव्वा मिनिट, फार तर दीड. बस.

मग कशाला करायचं? कारण फायदा घड्याळात कमी आणि हातात जास्त दिसतो. सायकल खांद्यावर घेऊन दगडांच्या पायऱ्या चढताना, लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावर नेताना, ट्रेलवर पुढचं चाक उचलून दगडावरून टाकताना दोन किलो म्हणजे खूप असतात.

४. फुकटात काय काय कमी होतं?

सर्वात आधी हेच करा. साईड स्टँड तीनशे ते पाचशे ग्रॅम. मागच्या गिअरमागची ती प्लॅस्टिकची चकती, स्पोकचे रिफ्लेक्टर, बेल सोडून हँडलला लटकलेलं सगळं, सॅडलवरचं जेलचं कव्हर (दोनशे-अडीचशे, आणि वर त्याने घासतंच), नंबरवाली जाड लॉकची केबल. माझ्या सायकलवरून सहाशे ग्रॅम असेच निघाले, पाच पैसे खर्च न करता. रात्री रस्त्यावर चालवत असाल तर मागचा रिफ्लेक्टर आणि लाईट काढू नका, तिथे कंजूषी नको.

सॅडलखालची पिशवी पण उघडून बघा. माझ्या एका मित्राच्या पिशवीत दोन मल्टिटूल, अर्धा पाना सेट आणि २०१९ च्या राईडची राजगिऱ्याची चिक्की निघाली. पण पंप, एक ट्यूब, टायर लिव्हर आणि चेन तोडायचं टूल मात्र राहू द्या. ताम्हिणीत चेन तुटली तर तिथे ग्रॅम मोजायला कोणी येत नाही. गावातल्या पंक्चरवाल्याकडे प्रेस्टा (बारीक, लांब) व्हॉल्व्हला हवा भरता येत नाही, तेव्हा पाच ग्रॅमचा पितळी अ‍ॅडॅप्टर पिशवीत टाकाच.

५. बरं, पैसे घालायचे तर सुरुवात कुठून करू?

दोन गोष्टी बघा. पहिली, एका ग्रॅमला किती रुपये पडतायत. तीन हजाराच्या पार्टने १५० ग्रॅम कमी झाले तर ग्रॅमला २० रुपये, आणि आठ हजाराच्या पार्टने ८० ग्रॅम तर ग्रॅमला १०० रुपये. एकदा हा भागाकार केला की अर्धी शॉपिंग लिस्ट आपोआप खोडली जाते.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. मी पार्टचे दोन गट करतो. एक गट म्हणजे मोडला तर पायी घरी यावं लागेल असे पार्ट (ट्यूब, कॅसेट म्हणजे मागच्या गिअरच्या चकत्या, चेन, डिरेलर म्हणजे चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणारा पार्ट, सॅडल), आणि दुसरा म्हणजे मोडला तर दवाखान्यात जावं लागेल असे पार्ट (हँडलबार, स्टेम म्हणजे हँडल धरणारा तुकडा, फोर्क म्हणजे पुढचं चाक धरणारा चिमटा, ब्रेक, पुढचं चाक, सीटपोस्ट म्हणजे सीटची दांडी). पहिल्या गटात खुशाल ग्रॅम शोधा. दुसऱ्या गटात चांगल्या कंपनीचा, एमटीबीसाठीच बनवलेला पार्ट परवडत असेल तरच हात घाला, नाहीतर जड आहे तेच बरं आहे.

माझा क्रम: फुकटचं, मग टायर-ट्यूब, मग फोर्क, मग ड्राइव्हट्रेन (गिअर, चेन, पेडलचे दांडे), शेवटी सॅडल-सीटपोस्ट. बाकी मी काही केलेलं नाही (बोल्टचा एक मूर्खपणा सोडून, तो प्र. १५ मध्ये).

६. चाकातला एक ग्रॅम म्हणजे फ्रेमवरचे दोन ग्रॅम असं म्हणतात, खरं आहे का?

अर्धं खरं. वेग वाढवताना चाकाच्या कडेला असलेलं वजन पुढेही न्यावं लागतं आणि फिरवावंही लागतं, म्हणून तेवढ्यापुरतं ते जवळपास दुप्पट भासतं. पण एकसारख्या वेगाने चढ चढत असाल तर चाकातला ग्रॅम आणि बाटलीतला ग्रॅम सारखाच. ट्रेलवर आपण सारखे थांबतो, वळतो, परत पळवतो म्हणून तिथे टायर-रिम हलकी केल्याचं लगेच जाणवतं. हब म्हणजे चाकाचा मधला भाग, त्यातलं वजन मधोमध असतं, तिथे दुप्पट वगैरे काही नाही, उगाच हबवर पैसे घालू नका.

७. ट्यूबलेस केलं तर वजन किती कमी होईल, आणि बाभळीच्या काट्यांचं काय?

२९ इंची साधी ब्यूटाइल ट्यूब दोनशे ते सव्वादोनशे ग्रॅमची असते. ट्यूबलेसमध्ये ट्यूबच नसते, तिच्या जागी शंभर मिली सीलंट (भोक बुजवणारं द्रव, साधारण शंभर ग्रॅम), रिम टेप आणि व्हॉल्व्ह मिळून वीसेक ग्रॅम येतात, म्हणजे चाकामागे ऐंशी ते शंभर ग्रॅम वाचतात. सोबत तारेच्या बीडचा (रिममध्ये बसणाऱ्या कडेत तार असलेला) टायर काढून फोल्डिंग टायर घातला की आणखी शंभर-सव्वाशे. दोन्ही चाकं मिळून माझे साडेचारशे ग्रॅम गेले.

पण खरं सांगू का, ट्यूबलेस मी वजनासाठी नाही, काट्यांसाठी केलं. वेताळ टेकडीवर किंवा कुठल्याही माळरानावर वेडी बाभूळ आहेच. ट्यूब होत्या तेव्हा एका सकाळी तीन पंक्चर काढलीयत. आता काटा घुसला की फुस्स आवाज येतो, दोन-तीन चक्करमध्ये पांढरा फेस बाहेर येतो, थांबतो आणि आपण पुढे. काटा लगेच उपटायचा नाही हं, घरी येऊन चाक फिरवून, काटा खालच्या बाजूला ठेवून काढायचा म्हणजे सीलंट भोकावरच असतं.

एक भानगड आहे. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात सीलंट लवकर वाळतं, दोन महिन्यांनी व्हॉल्व्ह कोअर (व्हॉल्व्हच्या आतली पिन) काढून बघत जा. मी एकदा पूर्ण उन्हाळा बघितलंच नाही, टायर काढला तर आत रबराच्या गोळ्या आणि सायीसारखा पापुद्रा. त्या सायीचं पण वजन असतं बरं का.

८. माझ्या रिम ट्यूबलेस रेडी नाहीयेत. टेप मारून जुगाड करू का? की ती नवीन प्लॅस्टिकची ट्यूब घेऊ?

सिंगल वॉल (एकाच थराची) रिम असेल तर जुगाड अजिबात नको. डबल वॉल असेल तर टेपच्या दोन-तीन थरांवर बऱ्याच जणांचं बसतं, पण अशा रिमला टायरची कड धरून ठेवायला आतली पायरी नसते, त्यामुळे कमी हवेत जोरात वळताना टायर ढेकर देतो आणि एकदम हवा जाते. पुढच्या चाकाला हे झालं तर प्र. ५ मधला दुसरा गट आठवा.

टीपीयू ट्यूब (ती पारदर्शक रंगीत प्लॅस्टिकसारखी) साठ ते नव्वद ग्रॅमची असते, म्हणजे वजन ट्यूबलेसपेक्षाही कमी. काट्यापुढे मात्र ती साध्या ट्यूबसारखीच, आणि पॅच वेगळे लागतात. शिवाय रिम ब्रेक असतील तर लांब घाट उतरताना रिम तापते, त्या उष्णतेत ही ट्यूब घालायची असेल तर कंपनीने रिम ब्रेकला चालते असं स्पष्ट लिहिलंय का बघा. डिस्कवाल्यांना ही चिंता नाही. मी एक स्पेअर म्हणून पिशवीत ठेवतो, तिथे ती बेस्ट.

९. मग सगळ्यात हलका टायर घेऊ ना?

नको! पाच-साडेपाचशे ग्रॅमचे रेसचे टायर परदेशातल्या मऊ मातीत छान असतील, आपल्याकडे सह्याद्रीचा काळा बेसाल्ट आहे, फुटलेल्या दगडाची कड अक्षरशः सुरीसारखी असते. टायरचा मधला भाग नाही, बाजूची भिंत फाटते आणि ती चीर सीलंटने बुजत नाही. साईडवॉलला जास्तीचं कापड असलेलं मॉडेल घ्या (मॅक्सिसमध्ये एक्झो, श्वाल्बेच्या जुन्या मॉडेलवर स्नेकस्किन असं लिहिलेलं असतं), २९ बाय २.२५ मध्ये सातशे ते आठशे ग्रॅमपर्यंत जाऊ द्या. फाटलाच तर आतून दुहेरी घडी घातलेली नोट किंवा चिक्कीच्या पाकिटाचा तुकडा लावून ट्यूब टाकायची, घरापर्यंत नेते.

पुढे पकडीचा जरा जड टायर, मागे कमी गुठळ्यांचा हलका टायर, हे जमतं. उलटं करू नका.

१०. फोर्क बदलून किती फरक पडतो?

एका पार्टमध्ये सगळ्यात मोठा फरक इथेच. स्प्रिंगवाले स्वस्त फोर्क अडीच किलोच्या आगेमागे असतात, साध्या रेंजचा एअर फोर्क दोन किलोच्या आसपास आणि महागडे एक्ससी फोर्क दीड किलोच्या जवळ. माझे सहाशे ग्रॅम गेले, आणि मजबुती कमी न होता वाढली, कारण नवीन फोर्कच्या नळ्या जाड होत्या आणि डॅम्पर (उसळी आवरणारा भाग) खरंच काम करत होता. त्यात हवेचं प्रेशर आपल्या वजनाप्रमाणे ठेवता येतं, साठ किलोच्या मुलीला जुन्या स्प्रिंगने अर्धाच ट्रॅव्हल (फोर्क दबतो ते अंतर) मिळायचा तो पूर्ण मिळतो.

पण घ्यायच्या आधी तीन गोष्टी मोजा, कारण लोक इथेच पैसे अडकवून बसतात. एक, फ्रेमचा हेडट्यूब (फोर्कची वरची नळी, म्हणजे स्टिअरर, जिच्यात बसते ती नळी) सरळ आहे की खाली रुंद होणारा, म्हणजे टेपर्ड. बजेट फ्रेम बऱ्याचदा सरळ १ १/८ इंचवाल्या असतात (२८.६ मिमी स्टिअरर), त्यात टेपर्ड फोर्क बसत नाही आणि सरळ नळीच्या चांगल्या एअर फोर्कमध्ये पर्याय कमी आहेत. दोन, पुढच्या हबचा एक्सल: ९ मिमी क्विक रिलीज की १५ मिमी थ्रू एक्सल, आणि त्यात हबची रुंदी १०० की ११० मिमी. हे जुळलं नाही तर नवीन हब, म्हणजे नवीन चाकच. तीन, ट्रॅव्हल. १०० मिमीच्या जागी १२० घातला तर हेड अँगल (फोर्कचा कल) साधारण एक डिग्री मागे पडतो, तेवढं बहुतेक फ्रेमना चालतं, पण १४० वगैरे हौस करू नका, हेडट्यूबच्या वेल्डवर ताण वाढतो आणि वॉरंटी पण जाते.

एअर फोर्कला सर्व्हिस लागते. ती करायची तयारी नसेल तर स्प्रिंगच बरा.

११. मी फक्त रस्ता आणि कच्च्या वाटा चालवतो. रिजिड फोर्क टाकू?

टाका की. क्रोमोलीचा (एक प्रकारचं स्टील) रिजिड, म्हणजे सस्पेन्शन नसलेला, फोर्क किलो-सव्वा किलोचा असतो, म्हणजे सव्वा किलोच्या वर एका दिवसात कमी, देखभाल शून्य आणि आयुष्यभर टिकतो. फक्त ‘सस्पेन्शन करेक्टेड’ म्हणजे जुन्या फोर्कच्या जवळपास उंचीचा घ्या, नाहीतर पुढची बाजू खाली बसून हँडल विचित्र वळतं. जांभ्याच्या वाटांवर तासभर चालवलं की मनगटं तुमच्याशी बोलायची बंद होतात, ते धरून चाला.

१२. पुढचे तीन गिअर काढून एकच ठेवला तर?

पुढचा डिरेलर दीडशे ग्रॅम, डावा शिफ्टर सव्वाशे, केबल-हाउसिंग पन्नास, जुनी स्टीलच्या चकत्यांची क्रँक (पेडलचे दांडे) आणि चौकोनी बीबी (क्रँकचा आतला एक्सल आणि बेअरिंग) बदलली तर त्यात तीनशे-चारशे. ऐकायला सातशे ग्रॅम. पण! चढायला गिअर हवेत म्हणून मागे मोठी कॅसेट येते, आणि ११-३२ ची (लहान चकतीला ११ दात, मोठीला ३२) जुनी कॅसेट तीनशे ग्रॅमची असेल तर ११-४६ किंवा ११-५१ वाली पाच-सहाशेची असते. हातात चारशेच ग्रॅम उरले माझ्या.

कॅसेटमध्ये वजन आणि पैसा एकदम सरळ दिसतात. शिमानोच्या १२ स्पीड १०-५१ मध्ये डिओर साधारण ५९० ग्रॅम, एसएलएक्स ५३५, एक्सटी ४७०, एक्सटीआर ३७०. हलक्या कॅसेटच्या मोठ्या चकत्या अ‍ॅल्युमिनियमच्या किंवा टायटॅनियमच्या असतात, अ‍ॅल्युमिनियमच्या लवकर झिजतात, विशेषतः पावसाळ्यात. एसएलएक्सपर्यंत ठीक, पुढे माझ्या मते नाही. चेन बदलून दहा-पंधरा ग्रॅम मिळतात, तो विषय सोडा. चेन वेळेवर बदलणं जास्त कामाचं.

१३. मेकॅनिक म्हणतो तुझ्या चाकात कॅसेट बसतच नाही. फसवतोय का?

नाही, बरोबर सांगतोय बिचारा. ६-७ स्पीडच्या बऱ्याच सायकलींना मागे कॅसेट नसून आट्यांचं फ्रीव्हील असतं, ते हबवर स्क्रू होतं. त्यात उजवीकडचं बेअरिंग आत असतं आणि एक्सलचा बराच भाग निराधार लोंबतो, म्हणून ट्रेलवर एक्सल वाकतात. इथे वजनाचा विचारच नंतर, आधी फ्रीहबवालं (कॅसेट बसणारं), ३२ स्पोकचं डबल वॉल मागचं चाक घ्या. सायकल हलकी होईल न होईल, मजबूत नक्की होईल.

१४. ऑनलाईन कार्बनचा हँडलबार फार स्वस्त मिळतोय, घेऊ का?

नाव-गाव नसलेला, टेस्टिंगचं मानक न लिहिलेला कार्बन हँडलबार मी फुकट दिला तरी लावणार नाही. चांगल्या कंपनीचा कार्बन बार दमदार असतो, अ‍ॅल्युमिनियमपेक्षा ८०-१०० ग्रॅम कमी आणि हाताला बसणारे हादरेही जरा कमी. पण लावताना टॉर्क रेंच लागतोच (स्टेमवर छापलेला आकडा बघा, बहुधा ४ ते ६ न्यूटन मीटर) आणि जोरात आपटल्यावर तो बाहेरून ठीक दिसला तरी आतून गेलेला असू शकतो. त्याच पैशात बटेड (नळीची जाडी कुठे कमी, कुठे जास्त असलेला) अ‍ॅल्युमिनियम बार घ्या.

१५. टायटॅनियमचे बोल्ट लावू? अ‍ॅल्युमिनियमचे रंगीत पण मिळतात.

आता माझी लाज. नवीन नवीन वेड होतं तेव्हा स्टेमच्या चारही बोल्टच्या जागी लाल अ‍ॅल्युमिनियमचे बोल्ट लावले, दिसायला काय भारी! बाणेरच्या टेकडीवरून उतरताना एका पायरीवर पुढचं चाक आदळलं, टक् असा सुपारी फोडल्यासारखा आवाज आला आणि हँडल हातात गोल फिरलं. दोन बोल्टची डोकी उडाली होती. गुडघ्याला पाच टाके. वाचवले किती ग्रॅम, तर दहा-बारा.

अ‍ॅल्युमिनियमचे बोल्ट फक्त बाटलीच्या पिंजऱ्याला. टायटॅनियम मजबूत असतं, पण दोन्ही रोटरचे (डिस्क ब्रेकच्या चकत्यांचे) बारा बोल्ट बदलून दहाएक ग्रॅम जातात, त्यापेक्षा घोटभर पाणी कमी घ्या.

१६. रोटर १८० मिमीवरून १६० केला तर तीस-चाळीस ग्रॅम वाचतील?

वाचतील, पण पुढचा करू नका. वरंध किंवा ताम्हिणी उतरताना लहान रोटर जास्त तापतो, लिव्हर हँडलपर्यंत यायला लागला की जीव घशात येतो. मागे १६० चालतो. वजनदार असाल तर तोही नको, पुढचा प्रश्न वाचा.

१७. माझंच वजन ९८ किलो आहे. मी काय करू?

मला हे विचारणाऱ्यांना घरचे आणि दुकानदार एकच उत्तर देतात, ते मी देणार नाही. तुमच्यासाठी नियम वेगळे आहेत इतकंच. चाकं ३२ स्पोकचीच, स्पोक डबल बटेड चालतील (मधे १.८ मिमी बारीक, दोन्ही चाकांत सत्तर-ऐंशी ग्रॅम वाचतात, आणि थोडे लवचिक असल्याने मुळाशी कमी तुटतात). बार, स्टेम, सीटपोस्ट, कार्बन रिम यांच्यावर कंपनीने रायडरच्या वजनाची मर्यादा दिलेली असते, घ्यायच्या आधी वाचा, त्यात सॅकही धरा. टायर २.३५ च्या खाली नको आणि हवा थोडी जास्त, नाहीतर रिमची कड दगडावर वाकते. प्र. ४, ७, १० आणि १२ मधलं सगळं तुम्हाला जसंच्या तसं लागू आहे.

१८. ड्रॉपर लावला तर वजन वाढतं ना? मग सगळे का लावतात?

वाढतं, ड्रॉपर म्हणजे चालवता चालवता सीट खाली-वर करता येणारा सीटपोस्ट, तो साध्यापेक्षा तीनशे-साडेतीनशे ग्रॅम जड असतो. माझ्या १२.८ मध्ये ड्रॉपर नाहीये, हे कबूल करतो. पण उतारावर सीट खाली गेली की माणूस कमी वेळा आपटतो, आणि कमी वेळा आपटणारी सायकल जास्त टिकते. ट्रेल चालवत असाल तर इतर ठिकाणी वाचवलेले ग्रॅम इथे खर्च करायला हरकत नाही, मी पुढच्या दिवाळीत करणार आहे. हाच हिशोब चिखलालाही लावा: फ्रेम आणि टायरमध्ये जेमतेम जागा असेल तर पावसाळ्यात काळी माती आत भरून अर्धा-एक किलो सहज चिकटते आणि चाकच फिरत नाही. मग पावसाळ्यापुरता एक नंबर बारीक टायर टाका.

१९. सगळं करून झालं, तरी ११ च्या खाली जात नाहीये. फ्रेमला भोकं पाडू का, रंग खरवडू का?

हसू नका, भोकांचं मला दोघांनी विचारलंय. नाही. अ‍ॅल्युमिनियममध्ये तडा अशा भोकाच्या कडेपासूनच सुरू होतो, आणि रंग खरवडून शंभरएक ग्रॅम मिळतील पण आपल्या दमट हवेत फ्रेम पांढुरकी पडते. तुमची अडचण फ्रेमचीच आहे. बजेट अ‍ॅल्युमिनियम फ्रेम दोन किलोच्या आसपास असते, कार्बनची सव्वा किलोच्या आत येते, आणि नुसती फ्रेम घेतली की जुना फोर्क, हब, बीबी यातलं निम्मं तिच्यात बसत नाही. इथपर्यंत आला असाल तर आहे ती सायकल अशीच ठेवा, काढलेले जुने पार्ट परत लावून विकू नका, त्याचे पैसे येत नाहीत, आणि पुढची अख्खी सायकलच हलकी घ्या. स्टँड मात्र जपून ठेवा, घरी कोणीतरी भाजी आणायला मागतंच.